निवेदक गप्प का बसतो?
कथेतली उत्कंठा कशी तयार होते, याविषयी

चेन्नईच्या उत्तर टोकाला एन्नोर आहे. कोसस्थलैयार नदी खाडी होऊन समुद्राला मिळते तिथं, औष्णिक वीजकेंद्रांची धुरांडी आणि बंदर यांच्या आसपास कोळ्यांची जुनी गावं आहेत. २६ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास त्यांपैकी पेरियकुप्पम आणि शेजारच्या वस्त्यांमधले लोक खोकत, डोळे चोळत जागे झाले आणि घरं सोडून रस्त्यावर आले. खत कारखान्यासाठी अमोनिया वाहून नेणारी समुद्राखालची वाहिनी गळत होती. अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांनी हे सगळं पहिल्या दोन-तीन वाक्यांतच सांगून टाकलं आणि ते योग्यच होतं. काय झालं, कुठं झालं, कशामुळे झालं, हे बातमी वाचणाऱ्याला ताबडतोब कळायला हवं.

आता हीच रात्र एखाद्या कथाकाराच्या हाती आली असं समजू. तो वाहिनीचं नाव पहिल्या वाक्यात घेणार नाही. कदाचित शेवटच्या पानापर्यंत घेणार नाही. त्याच्या वाचकाजवळ बातमीच्या वाचकापेक्षा कितीतरी कमी माहिती असेल आणि तरीही तो पान उलटत राहील. हे नवलाचंच आहे. एरवी माहिती अपुरी मिळाली की माणूस वैतागतो, तक्रार करतो किंवा सरळ निघून जातो. मग कथेत तीच कमतरता हवीहवीशी का वाटते? ‘लेखक रहस्य लपवतो म्हणून’ हे नेहमीचं उत्तर अपुरं आहे. कंटाळवाण्या कथेतही लेखकानं पुष्कळ काही सांगितलेलं नसतं. न सांगणं कुणालाही जमतं. माझं म्हणणं असं आहे की नुसतं लपवून उत्कंठा निर्माण होत नाही. नेमकं काय लपलेलं आहे ते वाचकाला दिसावं लागतं आणि ते लपून राहण्याला कथेच्या आतलं खरं कारण असावं लागतं. या दोन अटी पाळल्या की निवेदकाचं मौन बोलू लागतं.

तीच रात्र, तीन सुरुवाती

त्या रात्री पेरियकुप्पममध्ये असलेली एक काल्पनिक बाई घेऊ आणि तिच्या कथेची सुरुवात तीन तऱ्हांनी करून पाहू.

पहिली: ‘खोकल्याची उबळ आली म्हणून ती उठून बसली. चुलीत विस्तव नव्हता, तरी डोळे झोंबत होते. शेजारच्या घराची कडी वाजली, मग त्यापलीकडच्या.’

दुसरी: ‘समुद्राखालच्या नळीतून वायू सुटू लागला, तेव्हा ती उद्याच्या बाजारासाठी टोपली धुऊन पालथी घालत होती.’

तिसरी: ‘त्या रात्रीनंतर तिनं दाराला आतून कडी लावली नाही, ती कायमचीच.’

तिन्ही सुरुवातींमागची घटना एकच आहे. निवेदकानं हात आखडता घेतलेली जागा मात्र दर वेळी निराळी आहे. पहिल्या सुरुवातीत कारण झाकलेलं आहे. वाचकाला त्या बाईइतकंच कळतं, म्हणून ‘हे कशामुळे?’ असा प्रश्न पडतो आणि मन मागं, आधीच घडून गेलेल्या गोष्टीकडे जातं. दुसऱ्या सुरुवातीत कारण उघड आहे आणि परिणाम झाकलेला. वाचकाला त्या बाईपेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणून ‘आता हिचं काय होणार?’ या धास्तीनं मन पुढं धावतं. तिसरीत परिणाम आधी ठेवला आहे आणि तो परिणाम घडवणारी रात्र मधून काढून घेतली आहे. कथनशास्त्राचे अभ्यासक मेइर स्टर्नबर्ग यांनी यातल्या पहिल्या प्रकाराला कुतूहल आणि दुसऱ्याला उत्कंठा मानून दोन्ही वेगळे ठेवले. त्यांच्या जोडीला त्यांनी आश्चर्य हा तिसरा प्रकार मांडला: काही झाकलेलं आहे याचा वाचकाला पत्ताच नसतो, आणि झाकण निघाल्यावर तो चमकतो. आपण बोलण्यात या तिन्हींना सरसकट ‘सस्पेन्स’ म्हणतो. लिहिणाऱ्याला मात्र यातलं काय हवं आहे ते आधी ठरवावं लागतं, कारण प्रत्येकासाठी झाकायची वस्तू वेगळी असते.

पोकळीला कडा हव्यात

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाविषयी एक सिद्धान्त मांडला. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक व्हायला हवं, यांच्यामधलं अंतर जाणवलं की कुतूहल जागं होतं, असा त्याचा आशय. इथं ‘जाणवलं’ हा भाग महत्त्वाचा आहे. ज्या विषयाचं काहीच ठाऊक नाही, त्याविषयी कुतूहलही फारसं नसतं. थोडं कळलं, आणखी थोडं कळलं, आणि मधलाच एक तुकडा नाही हे लक्षात आलं, की चैन पडत नाही. दात पडला की जीभ पुन्हा पुन्हा त्या जागी जाते. ती जाते कारण दोन्ही बाजूंचे दात शाबूत असतात आणि मधली फट नेमकी लागते.

नवोदित लेखकाची कथा बहुधा इथंच फसते. ‘त्या रात्री काहीतरी भयंकर घडलं. असं काही घडेल याची कुणालाच कल्पना नव्हती’ अशी वाक्यं लिहून त्याला वाटतं की रहस्य उभं राहिलं. प्रत्यक्षात वाचकाच्या हाती काहीच पडत नाही. ‘काहीतरी’ला आकार नसतो आणि ‘भयंकर’ हा निष्कर्ष आहे, पुरावा नव्हे. याउलट वरच्या तिसऱ्या सुरुवातीत दार आहे, कडी आहे, एक बाई आहे आणि तिची मोडलेली सवय आहे. माणूस दाराला कडी लावतो ती सुरक्षित वाटावं म्हणून. तीच कडी तिला नकोशी झाली, म्हणजे बंद दाराआड तिनं काहीतरी अनुभवलेलं असणार. पोकळीच्या चारही कडा वाचकाच्या बोटांना लागतात, म्हणून तो आत काय असेल याचा अंदाज बांधू लागतो. अंदाज बांधू लागलेला वाचक कथा सोडत नाही, कारण आता त्याला स्वतःचा अंदाज पडताळून पाहायचा असतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की चांगला निवेदक कंजूष नसतो. ज्या एका गोष्टीवर त्यानं हात ठेवला आहे तिच्याभोवतीचं सगळं तो सढळपणे देतो: वेळ, जागा, वास, आवाज, माणसांच्या लकबी. रहस्यकथेत तपशील दाट असतात ते एवढ्यासाठीच.

गप्प बसायला कारण हवं

आता दुसरी अट. कथा सांगणाऱ्याला शेवट ठाऊक आहे हे प्रत्येक वाचकाला ठाऊक असतं. तरीही तो आपल्याला सांगत नाही, याचा राग का येत नाही? कारण लेखक आपल्या जागी दुसऱ्याच कुणाला तरी उभं करतो आणि त्या दुसऱ्याला न सांगण्याचं खरंखुरं कारण देतो. अशी कारणं मुख्यतः तीन आहेत: त्याला ठाऊकच नाही, त्याला ठाऊक आहे पण उमगलेलं नाही, किंवा त्याला उमगलं आहे पण सांगवत नाही.

पहिल्या कारणाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे डॉक्टर वॉटसन. आर्थर कॉनन डॉईल यांनी १८८७ मध्ये शेरलॉक होम्सला वाचकांसमोर आणलं आणि १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात त्याच्या लघुकथा येऊ लागल्या. त्या जवळजवळ सगळ्या वॉटसन सांगतो. गोष्ट होम्सनं स्वतः सांगितली असती तर पहिल्या पानावर त्याच्या मनात आलेली शंका आपल्याला तिथंच कळली असती, नाहीतर ती त्यानं मुद्दाम दडवली असती. वॉटसन होम्सच्या शेजारी उभा राहून तेच ठसे आणि तीच राख पाहतो, पण त्यांचा अर्थ त्याला लागत नाही. म्हणून तो सगळं प्रामाणिकपणे सांगूनही काहीच फोडत नाही. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि वाचकांच्या कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. तिथंही गुन्हा आणि उकल यांच्यामधल्या अज्ञानात वाचकाला धरून ठेवणं हेच मुख्य काम होतं.

दुसरं कारण, म्हणजे पाहूनही न उमगणं, भयकथेला फार मानवतं. तिथं लहान मुलाची नजर उपयोगी पडते. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाच्या मुळाशी नारायण धारप यांची ‘आजी’ ही कथा आहे. घरातल्या भीतिदायक म्हातारीजवळ मुलाला ठेवलं की निम्मं काम आपोआप होतं. मोठी माणसं मुलांना काय करायचं ते सांगतात, का करायचं ते सांगत नाहीत. त्यामुळे मुलाजवळ नियम असतो, त्याचा अर्थ नसतो, आणि वाचकाला त्या दोहोंमधलं अंतर भिववतं. तिसरं कारण, न सांगवणं, आपल्याला कबुलीजबाबाच्या कथांकडे नेतं. एडगर ॲलन पो यांच्या ‘द टेल-टेल हार्ट’ (१८४३) या कथेतला निवेदक खुनाची कबुली देतो, पण आपण वेडे नाही हे पटवण्यासाठी तो इतका आटापिटा करतो की त्याच्या प्रत्येक वाक्यावर शंका येऊ लागते. समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये अशा निवेदकाला अविश्वसनीय निवेदक म्हटलं. तिथं घटना झाकलेली नसते; सांगणाऱ्याच्या मनाची खरी अवस्था झाकलेली असते, आणि ती स्वतः त्यालाही दिसत नसते.

जपानी लेखक र्‍यूनोसुके अकुतागावा यांनी १९२२ मधल्या ‘इन अ ग्रोव्ह’ या कथेत आणखी एक पाऊल टाकलं. तिथं एकच निवेदक नाहीच. एका मृत्यूविषयीच्या जबान्या एकामागून एक ठेवल्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. प्रत्येक जण आपल्याला सोसेल तेवढंच आणि तसंच सांगतो. अकिरा कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’ (१९५०) या चित्रपटाचा गाभा याच कथेतून आला. माहिती दडवण्यासाठी दर वेळी काही काढून घ्यावं लागत नाही. एकाच गोष्टीची अनेक रूपं दिली तरी सत्य झाकलं जातं, हे या कथेतून शिकण्यासारखं आहे.

उत्तर लांबवण्याच्या पायऱ्या

प्रश्न उभा केला, गप्प बसायला कारणही मिळालं. पण तेवढ्यावर वीस पानं निघत नाहीत. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्त यांनी १९७० मध्ये बाल्झाकच्या एका दीर्घकथेची अक्षरशः तुकड्यातुकड्यानं चिरफाड केली आणि प्रश्नापासून उत्तरापर्यंतच्या वाटेवर लेखक काय काय करतो ते नोंदवलं. प्रश्न मांडला जातो, उत्तर येणार असल्याची चाहूल लागते, चुकीचं उत्तर पुढं येतं, अर्धं उत्तर मिळतं, ऐन वेळी अडथळा येतो, आणि मग उलगडा होतो. यातली प्रत्येक पायरी वाचकाला थोडं काही देते, हे विसरता कामा नये.

पेरियकुप्पमच्या आपल्या काल्पनिक बाईला या पायऱ्यांवरून चालवून पाहू. खोकत उठल्यावर तिला पहिल्यांदा वाटतं, शेजारच्या घरातला सिलिंडर गळतो आहे. हे चुकीचं उत्तर आहे, पण तिच्या जागी कुणालाही सुचेल असं आहे. ती शेजारच्या दारात जाते, तर ती माणसंही तोंडावर पदर, पंचा धरून बाहेर येत असतात. म्हणजे वास एका घरातला नाही. सिलिंडरचा वास कुजका असतो. हा नाकात तीक्ष्ण घुसतो. हे अर्धं उत्तर झालं. कुणीतरी ‘कंपनी’ म्हणतं, पण तिथं कंपन्या अनेक आहेत, आणि वारा तर समुद्राकडून येतो आहे. समुद्राकडून वायू कसा येईल? आता जुना प्रश्न मिटला नाही, उलट अधिक चमत्कारिक झाला. त्याच वेळी तिच्या लक्षात येतं की आपला म्हातारा सासरा अजून आतच आहे. उत्तराच्या शोधात निघालेली बाई आता उलट दिशेला, घरात जाते, आणि वाचकाच्या मनात मागचा प्रश्न आणि पुढची धास्ती एकत्र येतात.

इथं एक नियम दिसतो: एक फट बुजवताना तिच्याहून नेमकी दुसरी फट उघडायची. वेताळपंचविशीचा सांगाडा याच नियमावर उभा आहे. वेताळाच्या पंचवीस गोष्टींपैकी बहुतेक गोष्टींत राजाचं उत्तर मिळतं आणि त्या गोष्टीपुरतं कुतूहल शमतं. पण राजा बोलला म्हणून प्रेत पुन्हा झाडावर जाऊन लटकतं, आणि ते प्रेत वाहून नेण्याचं स्मशानातलं काम पुरं होणार की नाही हा मोठा प्रश्न तसाच राहतो. लहान प्रश्न सोडवत मोठा प्रश्न जिवंत ठेवण्याची ही रीत आपल्याकडे कित्येक शतकं जुनी आहे. जो लेखक लहान उत्तरंही देत नाही, त्याच्या कथेत वाचक थकतो. उत्कंठेला उशीर मानवतो, पण उपासमार मानवत नाही.

डोळ्यांसमोर ठेवून झाकणं

माहिती दडवण्याची सर्वांत अवघड आणि सर्वांत समाधान देणारी पद्धत म्हणजे ती समोरच ठेवणं आणि तिचा अर्थ तेवढा हाती लागू न देणं. होम्सच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ (१८९२) या कथेत रात्री तबेल्यातला कुत्रा भुंकला नाही, ही गोष्ट वाचकालाही कळलेली असते. पण काही न घडणं आपण माहिती म्हणून मोजतच नाही. होम्स मोजतो: कुत्रा भुंकला नाही, म्हणजे आलेला माणूस त्याच्या ओळखीचा होता.

मराठीत याचा अतिशय खोल वापर जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांच्या ‘स्वामी’ या कथेत आहे. प्रवासात खोळंबलेल्या एका माणसाला महंत आग्रहानं मठात घेऊन जातात. तिथं त्याचं आदरातिथ्य होतं, त्याला मान मिळतो, त्याची चोख व्यवस्था ठेवली जाते. निवेदक त्या माणसाच्या खांद्यापलीकडे जात नाही. त्याला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं, आणि जे दिसतं ते सगळं चांगलंच असतं. एकही धमकी नाही, संशय यावा असा चेहरा नाही. तरी पान उलटता उलटता अस्वस्थता वाढत जाते, कारण आदराला काहीतरी कारण असलं पाहिजे आणि ते कारण कुणी सांगत नाही. अखेर तोच सन्मान त्याच्याभोवती भिंतीसारखा उभा राहतो, तेव्हा लक्षात येतं की जीएंनी आपल्यापासून एकही गोष्ट लपवली नव्हती. मठ, महंत, व्यवस्था, नम्रता, सगळं आपल्यासमोर होतं. फक्त त्याचं नाव आपण चुकीचं ठेवलं होतं. वाचकाची चूक त्याच्याच हातून घडवून आणणारं हे कौशल्य नुसत्या धक्क्याहून कितीतरी वरचं आहे, कारण धक्का विसरता येतो, स्वतःची चूक विसरता येत नाही.

उत्तर दिलंच नाही तर?

काही कथा शेवटपर्यंत झाकण काढत नाहीत. फ्रँक स्टॉक्टन यांच्या ‘द लेडी ऑर द टायगर?’ (१८८२) या कथेचं शीर्षकच प्रश्न आहे आणि शेवटीही तो प्रश्नच उरतो: नायकानं उघडलेल्या दारामागून सुंदरी बाहेर आली की वाघ? डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांच्या ‘द मंकीज पॉ’ (१९०२) मध्ये रात्री दार ठोठावणारं जे कुणी आहे ते वाचकाला दिसतच नाही. आधुनिक तमिळ कथेचे एक जनक पुदुमैप्पित्तन (१९०६–१९४८) यांनी मद्रासच्या वृत्तपत्रसृष्टीत काम करता करता ‘कांचनै’ ही कथा लिहिली. तिचा निवेदक स्वतः लेखक आहे. पत्नीनं घरात आश्रय दिलेली एक अनोळखी बाई आणि रात्री अवचित येणारा विचित्र वास, यांचा संबंध लावायचा तो प्रयत्न करतो आणि त्याचं सुशिक्षित मन त्या प्रयत्नात डळमळतं. ती बाई कोण, याचा पक्का निवाडा कथा करत नाही.

अशा कथा वाचून फसवणूक का वाटत नाही? कारण तिथं हाती न येणारं उत्तर हाच कथेचा विषय असतो. स्टॉक्टनचा प्रश्न वाघाविषयी नाहीच. प्रेम आणि मत्सर यांत जास्त बलवान काय, असा तो प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर वाचकानं स्वतःजवळ शोधायचं आहे. पुदुमैप्पित्तन यांच्या निवेदकाला उत्तर मिळालं असतं तर त्याची शंका संपली असती, आणि ती शंका हाच त्या कथेचा प्राण आहे. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी मराठीत रुजवलेल्या गूढकथेतही भुतापेक्षा माणसाचं मन अधिक महत्त्वाचं ठरतं ते यामुळेच. लेखकाला सुचला नाही म्हणून शेवट उघडा ठेवून चालत नाही; त्यासाठी दोन्ही उत्तरं तितकीच पुराव्यानिशी उभी करून ठेवावी लागतात.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप आल्फ्रेड हिचकॉक यांचा म्हणता येईल. १९६२ मध्ये फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी बोलताना त्यांनी टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. बॉम्ब अचानक फुटला तर क्षणभराचा धक्का बसतो. तो तिथं आहे हे प्रेक्षकांना आधी सांगितलं, तर टेबलाभोवतीच्या साध्या गप्पाही श्वास रोखून ऐकल्या जातात. म्हणजे माहिती देण्यानं उत्कंठा वाढते, दडवण्यानं नव्हे, असं कुणी म्हणेल. पण बॉम्ब दाखवताना एक गोष्ट दडलेलीच राहते: तो फुटेल की नाही. माहिती दिली ती याच पोकळीला कडा याव्यात म्हणून. रोआल्ड डाल यांच्या ‘लॅम्ब टु द स्लॉटर’ (१९५३) या कथेत खून कुणी केला आणि कशानं केला हे वाचकाला सुरुवातीपासून ठाऊक असतं. उरतं ते एवढंच, की घरात आलेल्या पोलिसांना ते कळेल का. शिवाय नवऱ्यानं बायकोला जे सांगितलं आणि ज्यातून हे सगळं घडलं, ते बोलणं डाल जवळजवळ पूर्णपणे गाळतात. त्यानं ते थोडक्यात सांगून टाकलं एवढंच कळतं. ही कथा छोट्या पडद्यासाठी १९५८ मध्ये खुद्द हिचकॉक यांनीच दिग्दर्शित केली.

दुसरा आक्षेप नैतिक आहे: ठाऊक असून न सांगणं म्हणजे फसवणूकच ना? या आक्षेपाला वजन आहे, कारण प्रत्यक्ष जीवनात ती बहुधा फसवणूकच असते. २८ जानेवारी २०१७ रोजी एन्नोरजवळच्या समुद्रात दोन जहाजांची टक्कर झाली. तेल सांडलेलं नाही, असं सुरुवातीला सांगितलं गेलं. मग चेन्नईच्या किनाऱ्यांवर काळा दाट थर येऊन लागला आणि माणसांनी तो बादल्यांनी उपसला. त्या दडवण्याची किंमत मासेमारीवर पोट असलेल्यांनी मोजली आणि त्यांची संमती कुणी घेतली नव्हती. कथेचा वाचक मात्र संमती देऊन येतो: मला उशिरा सांग, पण खोटं सांगू नकोस. रहस्यकथेच्या भरभराटीच्या काळात ही संमती नियमांत बांधण्याचाही प्रयत्न झाला. ब्रिटिश धर्मगुरू आणि लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या दहा नियमांत, गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये, अशी अट आहे. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ (१९२६) या कादंबरीवर अन्यायाचा आरोप झाला होता. पण उकल कळल्यावर मागं जाऊन पाहिलं तर निवेदन खोटं बोललेलं आढळत नाही. थोड्या वेळाचा हिशोब एका साध्या वाक्यात गुंडाळलेला तेवढा सापडतो. याउलट पात्राच्या मनात दहा पानं वावरून, त्या मनातली सर्वांत मोठी गोष्ट विनाकारण गाळणारी कथा संमती मोडते. तिथं वाचकाला येणारा राग रास्त असतो.

तिसरा आक्षेप प्रयोगातून आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांनी २०११ मध्ये बारा लघुकथांवर केलेलं संशोधन प्रसिद्ध केलं. ज्यांना शेवट आधीच सांगून टाकला होता, त्या वाचकांना बहुतेक कथा सरासरीनं थोड्या जास्तच आवडल्या होत्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलट निष्कर्षही निघाले, तरी प्रश्न उरतोच: शेवट कळल्यानं गोडी जात नसेल, तर मग दडवण्याला एवढं महत्त्व का द्यायचं?

थोडक्यात

• कारण झाकलं की कुतूहल, परिणाम झाकला की उत्कंठा, झाकलेलं असल्याचंच झाकलं की आश्चर्य.
• ‘काहीतरी भयंकर’ हे रहस्य नव्हे. झाकलेल्या गोष्टीभोवतीचे तपशील नेमके हवेत.
• निवेदकाला गप्प बसण्याचं कारण हवं: त्याला ठाऊक नाही, उमगत नाही किंवा सांगवत नाही.
• लहान उत्तरं देत राहा. प्रत्येक उत्तरानं पुढचा प्रश्न अधिक नेमका व्हावा.
• उशीर चालेल, खोटं चालणार नाही.

दुसऱ्या वाचनाची कसोटी

तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर दुसऱ्या वाचनात मिळतं. ज्या कथेत फक्त शेवट दडवलेला असतो, ती एकदा वाचून संपते. चांगल्या कथेत शेवटाबरोबर आणखी काही झाकलेलं असतं: एखाद्या वाक्याचा खरा अर्थ, एखाद्या माणसाचा हेतू, आपल्याच समजुतीतली खोट. शेवट आधी कळला तर या गोष्टी कदाचित अधिक स्पष्ट दिसतात. ‘स्वामी’ दुसऱ्यांदा वाचणाऱ्याला मठातलं आदरातिथ्य मुळीच सुखावत नाही. पहिल्या वेळी तो प्रवाशाच्या सोबत चालला होता; आता तो दुसऱ्या सुरुवातीतल्या वाचकासारखा प्रवाशापेक्षा जास्त जाणतो, आणि त्याला थांबवू शकत नाही. कुतूहल संपलं, त्याच्या जागी धास्ती आली. एकाच मजकुरातून दोन निराळे अनुभव मिळाले, ते निवेदकानं पहिल्या वेळी प्रामाणिकपणे गप्प राहून सगळं समोर ठेवलं होतं म्हणूनच.

म्हणून कथा लिहिणाऱ्यानं आपल्या रहस्याची परीक्षा शेवट ठाऊक असलेल्या वाचकाकडून करून घ्यावी. त्या वाचकाला आधीच्या पानांवर खोटं वाक्य सापडलं, तर लेखकानं फसवलं. काहीच नवं सापडलं नाही, तर लेखकानं फक्त वेळ काढला. पण साध्या वाटलेल्या वाक्यांत दडलेला अर्थ त्याला आता दिसू लागला, तर ते मौन सार्थ होतं. कथाकार माहिती रोखून धरतो ती वाचकाला अज्ञानात ठेवण्यासाठी नव्हे. आयतं मिळालेलं उत्तर माणूस ऐकतो आणि विसरतो. स्वतः अंदाज बांधून, चुकून, पुन्हा मागं जाऊन मिळवलेलं उत्तर त्याचं स्वतःचं होतं. ते मिळवायला वेळ आणि जागा देणं, हे निवेदकाच्या गप्प बसण्यामागचं काम आहे.